नोटीस परत पाठवू नका



पोस्टमन दारात येतो, "सहीचे पत्र आहे" म्हणतो आणि घरातली माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागतात. पाकिटावर सरकारी शिक्का किंवा वकिलाचे नाव दिसले की आतून कोणीतरी सांगते, "सांग, ते घरी नाहीत." पोस्टमन पुन्हा चक्कर मारतो, पाकिटावर शेरा लिहितो आणि पत्र आले तसे परत जाते. घरात सगळ्यांना वाटते, बला टळली. सोनगीरला हमरस्त्यावरच्या टपऱ्यांपासून वस्तीतल्या घरांपर्यंत हा प्रकार काही नवा नाही. धुळ्यातल्या शिकल्यासवरल्या नोकरदार घरांतही तो चालतो. म्हणून या वेळी एवढाच विषय घेतो : कामावरून, करखात्याकडून किंवा धंद्यापायी आलेली नोटीस घ्यावी कशी, वाचावी कशी आणि तिला उत्तर कसे द्यावे.

नोटीस न घेतल्याने ती टळत नाही, हे आधी मनात पक्के करा. १८९७ सालचा जनरल क्लॉजेस नावाचा एक जुना कायदा आहे. त्याच्या २७ व्या कलमाप्रमाणे बरोबर पत्ता घालून रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद नेहमीच्या वेळात पोचला असेच धरले जाते. पोचला नाही, हे सिद्ध करण्याचे ओझे आपल्यावर येते. (टपालखात्याने २०२५ साली रजिस्टर पोस्ट हे स्पीड पोस्टात मिसळून टाकले, पण लोकांच्या तोंडी अजून 'रजिस्टर'च आहे.) 'घेण्यास नकार' असा शेरा पडला तर मग बोलायलाच जागा राहत नाही. दिवाणी कोर्टाचे समन्स नाकारले तर बेलिफ ते दाराला डकवतो, साक्षीदारांची नावे लिहून घेतो आणि कोर्टाला तसा अहवाल देतो. पुढे तारखेला आपण नसतो आणि निकाल एकतर्फी लागतो. म्हणजे नकार देऊन साधले काय? मजकूर आपल्याला कळला नाही आणि मुदत मात्र चालू झाली!

घरात कर्ता माणूस नसेल तर कुटुंबातल्या कोणाही सज्ञान माणसाने सही करून पत्र घ्यावे. बायकांनी घेऊ नये असे काही नाही. फक्त सहीखाली तारीख लिहावी आणि पाकीट फाडून चुलीत टाकू नये. नोटिशीवरची तारीख एक असते आणि ती हातात पडल्याची तारीख दुसरी. मधले दिवस कोणाच्या खात्यात, हा वाद निघाला तर पाकिटावरचा टपालाचा शिक्काच उपयोगी पडतो.

आपल्या लोकांना नोटिशीची एवढी धास्ती का, याचाही विचार केला पाहिजे. आपले आजे-पणजे वतनाच्या नावाखाली सरकारी कागद गावोगाव पोचवीत होते. तराळ-येसकर म्हणून लोकांना चावडीवर बोलावून आणणे, टपाल वाहून नेणे, साहेबापुढे धावणे ही कामे त्यांचीच. कागद त्यांच्या हातात असे, पण वाचायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे बिल आणले, आणि हलक्या समजल्या गेलेल्या गावकामाची ही वतने शेवटी १९५८ च्या कायद्याने गेली. कागद म्हणजे साहेबाचा हुकूम, ही भीती मात्र पिढ्यान्पिढ्या घरात मुक्काम करून राहिली. आजही एखादी म्हातारी आई नातवासमोर कागद धरून विचारते, "भाऊ, यामा काय लिखेल शे?" आणि नातू बारावी झालेला असूनही अडखळतो. त्याचा तरी काय दोष? नोटिशीची भाषा मराठी असली तरी ती घरात कोणी बोलत नाही.

तेव्हा ती भाषा जरा सोडवून पाहू. 'उपरोक्त विषयान्वये' म्हणजे वर लिहिलेल्या विषयाबाबत. 'कसूर केल्यास' म्हणजे सांगितलेले न केल्यास. 'समक्ष' म्हणजे स्वतः हजर राहून. 'लेखी खुलासा' म्हणजे आपली बाजू कागदावर. 'कारणे दाखवा' म्हणजे अमुक कारवाई तुमच्यावर का करू नये, ते सांगा. इथे नीट लक्ष द्या : कारवाई 'केली' असे तिथे लिहिलेले नसते, 'का करू नये' असे विचारलेले असते. नोटीस म्हणजे निकाल नव्हे. निकालाच्या आधी आपल्याला विचारले पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे म्हणून ती येते. सरकारी नोकराला चौकशीशिवाय, आरोप सांगितल्याशिवाय आणि बोलू दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, असे राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात आहे. त्याला थोडे अपवाद आहेत, पण नियम हाच. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९८५ साली झोपड्या हटवण्याची मुभा महापालिकेला दिली. पण आधी नोटीस देऊन माणसाचे ऐकून घेणे हा साधारण नियम आहे, हेही त्याच निकालात बजावले.

आता नोटिशीतले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य. ते बहुधा शेवटी असते आणि घाईत वाचायचे राहून जाते : "विहित मुदतीत खुलासा प्राप्त न झाल्यास आपले काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरून पुढील कार्यवाही करण्यात येईल." आपण घाबरून गप्प बसतो आणि फायलीत नोंद होते ती 'काहीएक म्हणणे नाही' अशी! मनात म्हणणे शंभर असते, कागदावर एकही नाही. पुढे अपिलात गेलो तरी पहिला प्रश्न हाच येतो, तेव्हा उत्तर का दिले नाही?

कामावरच्या नोटिशीपासून सुरुवात करतो, कारण चूल त्यावर चालते. नरडाण्याच्या किंवा अवधानच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या माणसाला नोटीस बहुधा टपालाने येत नाही. सुपरवायझर कागद पुढे करतो आणि म्हणतो, "इथे सही कर." सही करण्याआधी कागद वाचा. वाचू देत नसतील तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहा : 'फक्त प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही', आणि खाली तारीख. कोऱ्या कागदावर सही करू नका. 'राजीनामा' हा शब्द कुठे दिसला तर तिथेच थांबा. राजीनामा लिहून दिलेल्या माणसाला, मला काढले, हे नंतर सिद्ध करणे फार जड जाते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा तिने घेतली आहे. कामगार-कपातीच्या नोटिशीचा मूळ नियम मात्र तिच्यातही टिकला. सलग एक वर्ष नोकरी झालेल्या (म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या) कामगाराला कमी करायचे तर एक महिन्याची लेखी नोटीस कारणासह द्यावी लागते, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई. म्हणून मस्टर, पगाराची बँकेतली नोंद, पी.एफ.चा नंबर, ईएसआयचे कार्ड हे सर्व जपून ठेवा. मालकाने "उद्यापासून येऊ नको" असे तोंडी सांगितले की आपण महिना-महिना त्याच्या दारात उभे राहतो. तसे करू नका. 'अमुक तारखेला कामावर आलो, मला आत घेतले नाही' असे पत्र त्याच आठवड्यात टपालाने पाठवा आणि सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाची वाट धरा. जुन्या कायद्यात असा वाद मांडायला तीन वर्षे होती, आता दोनच आहेत. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर असाल तर मुदत संपल्यावर कपातीची ही नोटीस लागत नाही. म्हणून नेमणूकपत्रावरची शेवटची तारीख आजच वाचून ठेवा. दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे नेमणूकपत्र देणे आता मालकावर बंधनकारक आहे.

आरोपपत्र, म्हणजे आपण ज्याला चार्जशीट म्हणतो, ते आले तर रागाने किंवा रडून उत्तर लिहू नका. आरोप एकेक घ्या आणि त्याच क्रमाने एकेकाला उत्तर द्या. ज्या कागदांवरून आरोप ठेवला त्यांच्या प्रती मागा. चौकशीत मदतनीस म्हणून सहकारी घेता येतो, तो मागा. निलंबित केले म्हणजे पगार साफ बंद, असेही नाही. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात पहिले ९० दिवस निम्मा निर्वाहभत्ता आणि चौकशी कामगारामुळे लांबली नसेल तर पुढे ७५ टक्के, असा नियम आहे.

बायकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी (पहिल्या दोन मुलांना २६ आठवडे) बाईनेच मालकाला लेखी नोटीस द्यायची असते : अमुक तारखेपासून येणार नाही, पैसे अमुक माणसाकडे द्यावेत. पण ही नोटीस वेळेवर द्यायची राहिली म्हणून हक्क बुडत नाही. "तू आधी कळवले नाहीस" म्हणून कोणी परत पाठवले तर ते ऐकून घरी येऊ नका.

नोटीस द्यायचे बंधन जसे मालकावर असते तसे कामगारावरही येते, आणि तिथे सावध राहावे लागते. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. आधी नोटीस, मग समझोत्याची बोलणी, ती संपेपर्यंत संप केला तर गुन्हा, असा त्याचा घाट होता. बाबासाहेबांनी कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला, आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व इतर कामगार संघटनांनी मिळून एक दिवसाचा संप केला. बिल पास झालेच. आता नव्या संहितेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस सगळ्याच उद्योगांना लागू झाली आहे, पूर्वी ती पाणी, वीज, वाहतूक अशा लोकोपयोगी सेवांपुरती होती. निम्म्या कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप धरला जाईल. माझ्या मते हे कामगाराच्या हिताचे नाही. पण कायदा आहे तोवर तो माहीत नसणे जास्त महागात पडेल. २०२१-२२ च्या एस.टी. संपात निलंबनाच्या आणि बडतर्फीच्या किती नोटिसा घरोघर आल्या, ते ज्यांच्या घरात कंडक्टर-ड्रायव्हर आहेत त्यांना सांगायला नको. शेवटी २२ एप्रिल २०२२ पर्यंत हजर होणाऱ्यांना कामावर घ्यावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले तेव्हा वाट निघाली.

कराकडे वळू. "आम्हा मजुरांना कसला आलाय इन्कम टॅक्स?" असे म्हणून पाकीट बाजूला टाकू नका. जानेवारी २०२० मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या झोपडीत राहणाऱ्या, दिवसाला तीनशे रुपये मिळवणाऱ्या एका माणसाला एक कोटी पाच लाखांची नोटीस आल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. नोटबंदीच्या काळात त्याच्या नावाच्या खात्यात ५८ लाख रुपये भरले गेले होते, आणि ते खाते आपले नाहीच, आपले पॅनकार्ड वापरून कोणी उघडले, असे त्याचे म्हणणे होते. पॅनकार्डाची आणि आधारची झेरॉक्स आपण मोबाईलचे सिम घेताना, कर्जाचा फॉर्म भरताना, कोणाच्याही हातात सहज देतो. देताना झेरॉक्सवर आडवे लिहा, कशासाठी दिली आणि कोणत्या तारखेला. आणि अशी नोटीस आलीच तर 'हे खाते माझे नाही' हे मुदतीत लेखी कळवा, पोलिसांत तक्रार द्या आणि बँकेकडून खाते उघडतानाचा फॉर्म मागवा.

जी.एस.टी.ची गोष्ट आणखी निराळी. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशभर प्रसिद्ध. भांड्यांचा असो, किराण्याचा असो, मालाच्या धंद्याची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जी.एस.टी. नंबर घ्यावाच लागत नाही (परराज्यात माल विकणे वगैरे गोष्टी वेगळ्या). तरी कर्ज मिळावे म्हणून कोणी नंबर काढून देतो, धंदा चालत नाही, दुकान बंद होते आणि नंबर तसाच राहतो. विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावेच लागते. सलग सहा महिने भरले नाही की नंबर रद्द करण्याची नोटीस निघते आणि उत्तराला कामाचे सात दिवस मिळतात. ती नोटीस पोस्टमन आणेलच असे नाही. कायद्याच्या १६९ व्या कलमात पोर्टलवर टाकणे हाही नोटीस देण्याचा एक मार्ग मानला आहे. पोर्टलचा पासवर्ड असतो कर-सल्लागाराकडे आणि मोबाईल नंबर असतो त्याच्या पोऱ्याचा! आपला नंबर, आपला ईमेल, आपला पासवर्ड आपल्या घरात पाहिजे. धंदा बंद केला तर तीस दिवसांत नोंदणी रद्द करण्याचा अर्ज आपण होऊन करावा.

घरपट्टी-पाणीपट्टीचे सगळ्यांनाच माहीत आहे. ग्रामपंचायत आधी बिल देते, मग मागणीची नोटीस, आणि त्यानंतर जप्तीपर्यंत जाण्याचा अधिकार तिला कायद्याने आहे. बिल जास्त वाटले तर नमुना आठचा उतारा काढून बांधकामाची नोंद तपासा. पत्र्याचे घर स्लॅबचे म्हणून लिहिलेले निघू शकते. आकारणीची यादी फलकावर लागते तेव्हा हरकत घ्यायची असते, पण तो फलक आपण वाचतच नाही. हल्ली थकबाकीसाठी तालुका विधी सेवा समितीची लोकअदालतीची नोटीसही येते. तिच्यावर कोर्टाचे नाव पाहून माणसे हादरतात. कोर्टात दावा जाण्याआधी समझोत्यासाठी बोलावलेले असते, एवढाच तिचा अर्थ. जा, हप्ते मागा, सूट मागा. पटले नाही तर सही करू नका, तुमच्या संमतीवाचून तिथे काही ठरत नाही. मात्र सही केली की तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखा असतो आणि त्यावर अपील नाही.

खोट्या नोटिसांचाही सुळसुळाट झाला आहे. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दाखवून "तुम्हाला डिजिटल अटक झाली" असे सांगणारे ठग आहेत. अशी अटक कायद्यात नाही. पैसे गेले तर लगेच १९३० या नंबरवर फोन करा. आयकर खात्याने १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या पत्रांवर संगणकी दस्तऐवज क्रमांक टाकणे सुरू केले. तो खात्याच्या वेबसाइटवर कोणालाही तपासता येतो. पोरांना सांगा, मोबाईलवर दोन मिनिटांचे काम आहे.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून उत्तर राहिले, हे कारण आपल्यापुरते तरी नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत १९९० साली घेतले गेले, तेव्हा जातीचा दाखला सोबत न्या. धुळ्याला जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. फोन १५१०० वरही करता येतो.

तोवर मुदत निघून जाऊ नये म्हणून पहिले उत्तर घरीच लिहिता येईल. मराठीत, साध्या कागदावर, असे :

"मा. ........ यांस. विषय : आपली नोटीस क्रमांक ........, दिनांक ......... महोदय, वरील नोटीस मला दिनांक ........ रोजी मिळाली. तिच्यातील आरोप / मागणी मला मान्य नाही. ज्या कागदपत्रांच्या आधारे नोटीस काढली त्यांच्या प्रती मला मिळाव्यात. त्या मिळाल्यानंतर सविस्तर खुलासा देण्यास पंधरा दिवसांची मुदत द्यावी व समक्ष म्हणणे मांडण्याची संधी द्यावी. आपला / आपली, ........"

हे दोन प्रतींत लिहावे. एक कार्यालयात द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घेऊन ती घरी आणावी. कारकून शिक्का द्यायला टाळाटाळ करू लागला तर वाद न घालता पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पावती नोटिशीलाच टाचून ठेवावी. मुदत वाढवून मिळालीच असे मात्र धरून चालू नये. वाढल्याचे पत्र हाती आले नाही तर मूळ तारखेच्या आत हाताशी असेल तेवढ्या कागदांनिशी खुलासा देऊन मोकळे व्हावे.